दाखवायचे पैसे

पुण्यात फ्रेंच शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, उन्हाळा लागला की स्टाफरूममध्ये एक प्रश्न हमखास फिरतो: “अमक्याचे दाखवायचे पैसे झाले का?” हा आमच्या धंद्यातला खास शब्द. फ्रान्समधल्या एखाद्या विद्यापीठाशी कॉलेजचा करार असतो, मुलाची निवड होते, तिकडची फी माफ असते. तरीही व्हिसाच्या फायलीत महिन्याला 615 युरोंची सोय आहे हे आधी सिद्ध करावं लागतं. पाच महिन्यांच्या सेमिस्टरला 3075 युरो. युरो शंभरीपार गेल्यापासून ही रक्कम तीन लाखांच्या वर जाते. तिकडे गेल्यावर हे पैसे महिन्याला थोडेथोडे करून खर्च होणारच असतात. पण व्हिसाला ते एकदम, आधी आणि कुणाच्या तरी नावावर दिसावे लागतात.

ज्यांच्या घरी एफडी आहे त्यांना यात विशेष काही वाटणार नाही. बाकीच्या घरांत काय होतं ते मी वीस वर्षं बघतेय. मामा एफडी मोडतो. आत्या भिशी लवकर उचलते. वडिलांचे एक मित्र तीन महिन्यांसाठी लाखभर रुपये खात्यावर ‘फिरवतात’, आणि मग पासबुकात अचानक उगवलेली ती रक्कम आली कुठून, या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं लागतं. एवढी उठाठेव करूनही जमलं नाही की मूल येऊन सांगतं, “मॅडम, घरी नाही म्हणाले.” घरचे नाही म्हणालेले नसतात. त्यांच्याकडे नसतात.

बँकेचं म्हणाल तर तिथेही मी मुलांबरोबर जाऊन आले आहे. एका शाखेतल्या साहेबांशी झालेलं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं.

“कोर्सची फी किती?”

“फी नाही सर, एक्स्चेंज आहे.”

“मग लोन कशाला पाहिजे?”

“राहण्याखाण्याला. आणि तिकिटाला.”

“डिग्री तिकडची मिळणार का?”

“नाही, डिग्री इथलीच. तिथलं फक्त एक सेमिस्टर.”

साहेब भले होते, चहा मागवला त्यांनी. फॉर्म उलटसुलट बघितला आणि म्हणाले, “मॅडम, फीचा रकाना मला रिकामा सोडता येत नाही हो.” बाहेर आल्यावर ती मुलगी म्हणाली, “फी असती तर कर्ज मिळालं असतं. फुकट आहे म्हणून अडलं.”

फ्रेंच घेऊन बीए-एमए करणाऱ्या मुलांना एक सेमिस्टर फ्रान्समध्ये काढता यावं, आणि त्याचा खर्च त्यांच्या विद्यापीठाने आणि राज्याने उचलावा, असं माझं म्हणणं आहे. बक्षीस म्हणून नको, विषयाच्या प्रात्यक्षिकाचा खर्च म्हणून उचलावा. आणि व्हिसाच्या आधी उचलावा. नंतर बिलं जोडून परत मिळणाऱ्या पैशाचा इथे काडीचा उपयोग नाही.

प्रात्यक्षिक हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला कुणी ब्युरेट घरून आणायला सांगत नाही. भूगोलाची सहल होते, भूगर्भशास्त्राची मुलं डोंगरात हातोडी घेऊन जातात, तो खर्च खात्याचा धरला जातो. भाषेच्या मुलांनी मात्र वर्गात बसून, माझ्या तोंडचं फ्रेंच ऐकून भाषा आत्मसात करावी अशी अपेक्षा. माझ्या तोंडचं फ्रेंच वाईट नाही, पण ते माझं आहे. मी सावकाश बोलते, पूर्ण वाक्य बोलते, तोंडी परीक्षेत वाक्य दोनदा वाचते. फ्रान्समधल्या बेकरीतली बाई एकदाच बोलते, तेही पाठ वळवून.

थोडं जवळून सांगते. ‘मला माहीत नाही’ याला आम्ही पहिल्याच महिन्यात ‘ज न से पा’ शिकवतो. व्याकरणाने अगदी बरोबर. पण तिकडे रोजच्या बोलण्यात त्यातला ‘न’ गळतो, उरलेलं एकमेकांत विरघळतं आणि कानावर येतं नुसतं ‘शे पा’. ‘आपण’ या अर्थाचा ‘नू’ पुस्तकात राजासारखा बसलेला असतो. रस्त्यावर त्याची जागा ‘ऑं’ने घेतलेली असते. आकड्यांची तर कथाच. 80 ला फ्रेंच माणूस ‘चार वीस’ म्हणतो, आणि 97 ला ‘चार वीस सतरा’. फोन नंबर ते दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात. ‘कात्र-व्हॅं’ ऐकलं की आपला हात 8 लिहून मोकळा होतो, तेवढ्यात मागून ‘दि-सेत’ येतं, 8 खोडून 9 करेपर्यंत समोरचा पुढच्या जोडीवर गेलेला असतो. मी एमए करून, सुवर्णपदकाच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन, भाषा-सहायक म्हणून तिकडे गेले तेव्हा पहिल्या आठवड्यात प्लंबरचा नंबर तीन वेळा चुकीचा लिहून घेतला. चौथ्या वेळी इमारतीच्या रखवालदाराने कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः लिहून दिला. त्या कागदाने मला जे शिकवलं ते पाच वर्षांच्या पदवीने शिकवलं नव्हतं.

गंमत अशी की हे सगळं पकडायला मराठी माध्यमाचं मूल जास्त तयार असतं. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातून आलेला माझा एक विद्यार्थी ‘कात्र-व्हॅं’ ऐकून हसला आणि म्हणाला, “आमची आजी अशीच मोजते. चार इसा.” इंग्रजी माध्यमातली मुलं टेबल स्त्रीलिंगी का, म्हणून वर्षभर वैतागतात, ज्याच्या भाषेत खुर्ची ‘ती’ आणि टेबल ‘ते’ असतं त्याला दोनच लिंगं म्हणजे सूटच. तू आणि तुम्ही यांतला फरक समजवावा लागत नाही. फ्रेंचमधलं एक भलतं अवघड वाटणारं प्रकरण म्हणजे भूतकाळी रूप कर्माप्रमाणे बदलणं, तेही कर्म आधी आलं असेल तरच. ‘मी चिठ्ठी लिहिली, मी निबंध लिहिला’ असं आयुष्यभर बोलत आलेल्या मुलाला ते एका तासात कळतं. तरी हा मुलगा आमच्याकडे मागे राहतो. कारण फ्रेंचची पुस्तकं, कोश, नोट्स, सगळं इंग्रजीतून. तो एका परक्या भाषेतून दुसरी परकी भाषा शिकत असतो. त्याला फ्रान्समध्ये पाच महिने ठेवलं तर मधली इंग्रजीची भिंतच निघून जाईल. म्हणजे ज्याला ह्या सेमिस्टरचा सर्वांत जास्त फायदा, त्याच्याकडेच दाखवायचे पैसे नाहीत.

आणि जातो कोण? ज्याने शाळेपासून फ्रेंच घेतलं, सुट्टीत युरोप पाहून झालाय, ज्याच्या वडिलांच्या खात्यावर तीन लाख सहज दिसतात तो. त्याचंही भलं होवो. पण त्याच्या नावापुढे आम्ही ‘गुणवत्ता’ लिहितो, हे मला खटकतं. आपल्याकडे अकरावी-बारावीला फ्रेंच म्हणजे स्कोअरिंगचा विषय, मराठी किंवा हिंदी सोडून घेतलेला. नव्वदच्या खाली मार्क पडले तर मुलं पेपर फेरतपासणीला टाकतात. अशा मार्कांच्या यादीवरून परदेशी पाठवायला माणूस निवडणं म्हणजे सगळेच पास झालेल्या शर्यतीत कुणाचे बूट महाग आहेत ते बघण्यासारखं आहे.

आता खर्चाची बाजू पाहू, कारण ‘परदेश’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पंचवीस-तीस लाख नाचतात. सेमिस्टरचा हिशेब तसा नाही. करारानुसार जाणारा विद्यार्थी फी आपल्याकडेच भरतो. युरोपबाहेरच्या मुलांसाठी फ्रान्सने 2019 पासून सरकारी विद्यापीठांची फी वाढवली, पदवीला वर्षाला 2770 आणि मास्टर्सला 3770 युरो केली, पण एक्स्चेंजवाल्यांना ती लागत नाही. विद्यार्थी म्हणून नोंदणी झाली की तिकडच्या आरोग्यविम्यात नाव घालता येतं, त्यालाही वर्गणी नाही. सरकारी वसतिगृहात खोली मिळाली तर भाडं आवाक्यात असतं, विद्यापीठाच्या खानावळीत स्वस्तात पोटभर जेवता येतं. विद्यार्थ्याला वर्षाला 964 तासांपर्यंत काम करायची मुभा आहे. म्हणजे एकदा पोचलं की तिकडची व्यवस्था मुलाला धरून ठेवते. राहता राहिलं जाण्यायेण्याचं विमान, ते साठ-सत्तर हजार धरा. पासपोर्टचे 1500 रुपये, तत्काळ हवा असेल तर वर 2000. व्हिसाची फी, पहिल्या महिन्याचं भाडं, डिपॉझिट, एक बरा गरम कोट. सगळं मिळून चार-साडेचार लाख. वर्षाला 25 मुलं पाठवायची तर सव्वा कोटीच्या आत भागतं.

यात एक गोष्ट मला फार बोचते. फ्रान्समध्ये घर भाड्याने घ्यायचं तर जामीनदार लागतो, आणि परदेशी पोराला तिथे जामीन कोण राहणार? म्हणून तिकडे ‘व्हिझाल’ नावाची सोय आहे. तरुण भाडेकरूने भाडं थकवलं तर ती संस्था घरमालकाला भरून देते, आणि या हमीचे पैसे मुलाकडून घेत नाही. आपल्या सोलापूरच्या पोरालाही ती मिळते. ज्यांनी त्याला कधी पाहिलेलं नाही ते त्याला जामीन राहतात. आणि ज्या विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर त्याची पाच वर्षं छापलेली आहेत, ते त्याच्यासाठी एक पत्र देत नाही.

पत्राचंच सांगते, कारण तोडगा तिथेच आहे. व्हिसाला पैसे दाखवायचे दोन मार्ग असतात. एक, हमी घेणाऱ्या माणसाचं बँक खातं. दुसरा, शिष्यवृत्तीचं पत्र: अमुक रक्कम, अमुक महिने, खाली सही-शिक्का. मामाची एफडी जे काम करते तेच काम विद्यापीठाच्या लेटरहेडवरचं हे पत्र करतं. ते नुसतं पत्र नसावं, त्यामागे खरा निधी असावा, हे उघड आहे. पण निधी असेल तर त्यातला मोठा हिस्सा फिरता ठेवता येतो. माझ्या मते ज्या घराचं उत्पन्न आठ लाखांच्या खाली आहे, त्या मुलाला सगळी रक्कम अनुदान म्हणून द्यावी. आठ लाखांची ही रेघ आपल्या बऱ्याच योजनांत आधीपासून आहेच, नवी ओढायला नको. त्या वरच्यांना बिनव्याजी उचल द्यावी, नोकरी लागल्यावर तीन वर्षांत परत. युरोपात भाषेच्या ए-1 ते सी-2 अशा सहा चढत्या पातळ्या धरतात. पुण्यात फ्रेंचची बी-2, म्हणजे चौथी पातळी गाठलेल्या मुलाला कंपन्या उचलतात, त्याच्या वरची सी-1 असेल तर पगाराची घासाघीस तो करतो, कंपनी नव्हे. पैसे परत येतील.

राज्य परदेशी शिक्षणावर पैसे खर्चतच नाही असं नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 75 जागा. इतर प्रवर्गांसाठीही अशाच योजना आहेत. त्या असाव्यात, वाढाव्यात. पण त्या सगळ्यांचा साचा एकच: जागतिक क्रमवारीत वर असलेलं विद्यापीठ, आणि तिथली पूर्ण मास्टर्स किंवा पीएचडी. हा साचा थेट सयाजीरावांपासून चालत आलाय. बडोदा संस्थानाने 1913 साली डॉ. आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. एक असामान्य माणूस ओळखायचा आणि त्याला पुरतं शिकू द्यायचं, ही ती दृष्टी. तिची थोरवी कोण नाकारेल? पण भाषेच्या बाबतीत एका असामान्य माणसापेक्षा पन्नास बऱ्यापैकी माणसं जास्त कामाची असतात. शिक्षक, दुभाषे, अनुवादक, पर्यटनवाले. त्यांना दोन वर्षांची परदेशी पदवी नको आहे, पाच महिन्यांचा कान हवा आहे. आणि पाच महिन्यांसाठी आपल्याकडे रकाना नाही. बँकेतल्या त्या साहेबांसारखंच.

बाकीचे देश आपल्या किंवा परक्या मुलांसाठी काय करतात ते थोडं बघण्यासारखं आहे. जपान सरकार परदेशातल्या विद्यापीठांत जपानी शिकणाऱ्या पदवीच्या मुलांना सुमारे वर्षभर स्वतःच्या खर्चाने बोलावतं, विमानाचं तिकीट आणि महिन्याला 1,17,000 येन. पुण्यातली जपानीची मुलं या शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी कशी करतात ते आमच्या शेजारच्या वर्गात दिसतं. त्यांच्याकडे ‘दाखवायचे पैसे’ हा शब्दच नाही. खुद्द फ्रान्समध्ये, शिष्यवृत्तीवर शिकणारी गरीब घरची मुलगी सेमिस्टरसाठी परदेशी निघाली तर सरकार तिच्या नेहमीच्या शिष्यवृत्तीवर महिन्याला 400 युरो आणखी देतं, काही प्रांतांची सरकारं वेगळे देतात. म्हणजे त्याच एका कराराखाली ल्यों किंवा रेनची मुलगी भारतात येते तेव्हा तिच्या मागे तिचं सरकार असतं, आणि आपला मुलगा तिकडे जातो तेव्हा त्याच्या मागे त्याचा मामा असतो.

ब्रिटनचं उदाहरण उलट्या बाजूने शिकवणारं आहे. तिथे फ्रेंचची पदवी बहुधा चार वर्षांची, त्यातलं एक वर्ष फ्रेंच मुलखात. त्या वर्षाची फीही फार तर पंधरा टक्के घेता येते. युरोपातल्या देवाणघेवाणीची इरॅस्मस योजना 1987 पासूनची, तिच्यातून हा गाडा चालायचा. ब्रेक्झिटनंतर ब्रिटन त्यातून बाहेर पडलं आणि 2021 मध्ये स्वतःची ट्युरिंग योजना आणली. तिच्याबद्दलची तक्रार पैसा किती याइतकीच पैसा कधी याची राहिली. मंजुरी उन्हाळ्यात उशिरा कळायची आणि मुलं निघायच्या तयारीत असायची. ज्याच्या घरी आहेत तो निघायचा, नाही तो थांबायचा. तारीख चुकली की गरिबांसाठीची योजनाही श्रीमंतांची होते, हे तिथे दिसलं. म्हणून मी ‘व्हिसाच्या आधी’ हे शब्द पुन्हापुन्हा घोकतेय.

मग फ्रान्सनेच का देऊ नये? 2024 च्या प्रजासत्ताकदिनाला मॅक्रॉं पाहुणे म्हणून आले आणि 2030 पर्यंत तीस हजार भारतीय विद्यार्थी फ्रान्समध्ये हवेत असं जाहीर करून गेले. फ्रेंच दूतावासाच्या शार्पाक शिष्यवृत्त्या आहेत, त्यांत एक्स्चेंजसाठीचीही आहे. भाषा-सहायकाची योजना आहे, जिच्यावर मी गेले: सात महिने, आठवड्याला बारा तास तिकडच्या शाळांत इंग्रजी बोलायचं, त्याचा भत्ता. या सगळ्यांचे आभारच. पण तीस हजारांचा आकडा गाठायचा म्हणजे मॅनेजमेंट आणि इंजिनिअरिंगची मुलं, आणि त्यांतली कितीतरी इंग्रजीतून चालणाऱ्या कोर्सांना. देणाऱ्याने आपल्या गरजेप्रमाणे द्यावं यात गैर काही नाही. लातूरच्या कॉलेजात फ्रेंच सुरू करायला शिक्षक मिळत नाही ही पॅरिसची अडचण नाही. ती आपली आहे, तर पैसेही निदान अर्धे आपले हवेत.

कंपन्यांचं नाव निघतंच. पुणे-मुंबईत फ्रेंच कंपन्या आणि फ्रेंच ग्राहकांची कामं करणारी ऑफिसं भरपूर, तयार माणूस त्यांनाच हवा असतो. मीही एका कंपनीच्या बाईंशी बोलले. त्यांनी नियम काढून दाखवला: सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर खर्चायच्या पैशात भारताबाहेर केलेलं काम धरत नाहीत, अपवाद फक्त राज्याच्या किंवा देशाच्या वतीने खेळणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. शिष्यवृत्ती इथे दिली आणि मुलाने ती तिकडे खर्च केली तर काय, यावर वकिलांनी वाद घालावा. कंपन्या त्या भानगडीत पडत नाहीत. भालाफेकपटू परदेशात सराव करू शकतो, दुभाष्याने मात्र घरीच करावा. (हे वाक्य मी त्या बाईंना ऐकवलं. त्या हसल्या, पण चेक काही निघाला नाही.)

सगळ्यांत खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो माझ्या घरातच मला ऐकावा लागतो. माझे सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. ते म्हणतात, “मराठी शाळांची छपरं गळतात, आणि तुला पोरांना पॅरिसला पाठवायला सरकारी पैसा पाहिजे?” याला चटकन देण्यासारखं उत्तर नाही. छप्पर आणि सेमिस्टर यांत एकच निवडायचं असेल तर मी छप्पर निवडेन, आणि हा लेख इथेच थांबवेन. पण सव्वा कोटी ही छपरांच्या पैशातून काढायची रक्कम नाही. विद्यापीठं परकीय भाषांच्या सर्टिफिकेट, डिप्लोमाच्या वर्गांची आणि परीक्षांची फी घेतातच. पुण्यात परकीय भाषा शिकवणाऱ्या रानडे इन्स्टिट्यूटच्या दारात संध्याकाळच्या वर्गांना येणारी गर्दी ज्याने पाहिलीय त्याला हे सांगायला नको. त्या फीतला ठरावीक हिस्सा त्याच भाषांच्या मुलांसाठी बाजूला काढला तर सासऱ्यांच्या शाळेचं एक कौलही हलणार नाही. उरलेल्यात राज्याने भर घालावी.

आणि मराठीचं म्हणाल तर फ्रेंच तिची सवत नाही. 2025 मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा शासन निर्णय निघाला, गदारोळ झाला, जूनअखेर तो मागे घेतला गेला. त्या सगळ्या भांडणात परकी भाषा म्हणजे मराठीच्या ताटातला घास असं एक चित्र तयार झालं. मला आठवतात गी पॉइटवाँ. फ्रान्समधून आलेला हा माणूस पुण्यात राहिला, मराठी शिकला, आणि हेमा राईरकरांबरोबर गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करत गेला. लाखावर ओव्या जमल्या. आज त्या ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर ऐकता येतात. मावळातल्या बाईची ओवी त्याला पॅरिसच्या ग्रंथालयात बसून कळली नसती. तिच्या ओट्यावर जाऊन बसावं लागलं. त्याने इकडे येऊन जे केलं ते तिकडे जाऊन करणारी माणसं आपल्याकडे किती? मराठीला 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाला, अनुवादाच्या गोष्टी निघाल्या. फ्रेंचमधून मराठीत येणारं बरंचसं अजून इंग्रजीच्या आडवाटेने येतं, आणि मराठीतून फ्रेंचमध्ये जाणारं बोटावर मोजण्याइतकं. हे थेट करू शकेल असं मूल आज माझ्या तिसऱ्या बाकावर बसलंय, त्याला ‘शे पा’ अजून ऐकू येत नाही, एवढंच.

ऑनलाइन गप्पांनी भागेल, हा एक नवा उपाय सुचवला जातो. आम्ही केल्या आहेत. दोन्हीकडची मुलं दहा मिनिटांत इंग्रजीवर येतात.

पैशाइतकाच मोठा अडथळा आमच्या ऑफिसात बसलाय, तो न सांगता पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. फ्रान्समध्ये मार्क वीसपैकी देतात आणि हात आखडून देतात. 12 म्हणजे बरा, 14 म्हणजे चांगला, 16 म्हणजे फार चांगला. त्याच्या वर माणसं क्वचित जातात. इथे पंच्याऐंशी टक्के घेणारी माझी विद्यार्थिनी तिकडून साहित्याच्या पेपरात 13 घेऊन आली, वर्गातल्या फ्रेंच मुलांच्या बरोबरीने. आमच्या क्लार्कने कॅल्क्युलेटर काढला: 65 टक्के. तिचं डिस्टिंक्शन गेलं. पुन्हा तिकडच्या सेमिस्टरला 30 क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, आपल्याकडे 22, आणि विषयांची नावं जुळत नाहीत म्हणून तिला दोन पेपर परत द्यायला लावले. 13 चा अर्थ काय हे सांगणारं एक पानभर कोष्टक विद्या परिषदेने मंजूर केलं असतं तर हे टळलं असतं. त्याला पैसाही लागत नाही. मुलांची क्रेडिट साठवून ठेवणारी सरकारी ‘क्रेडिट बँक’ उघडून झाली, परदेशी विद्यापीठाशी जोडून घेतलेल्या पदवीत तीस टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिकडची चालतील असे नियमही 2022 मध्ये आले; खाली टेबलावर कॅल्क्युलेटर मात्र तोच. निधी उभा करताना हे कोष्टक आधी करा, नाहीतर सरकारी खर्चाने मुलं पाठवू आणि परत आल्यावर त्यांना दंड करू.

निवड कशी करावी, याबद्दल माझा हट्ट एवढाच की मार्कांची यादी एका मर्यादेपुढे बाजूला ठेवावी. बी-1 पातळी आली असेल तर पुढे बघावं ते कुणाकडे दुसरा मार्ग नाही हे. परत आल्यावर बाँड नको. बाँडने माणूस बांधला जातो, भाषा नाही. पण एक सेमिस्टर आठवड्यातून दोन तास, फ्रेंचला शिक्षक नसलेल्या एखाद्या कॉलेजात जाऊन मुलांशी नुसतं बोलायचं, एवढं मागायला हरकत नाही. पळून जातील, तिकडेच राहतील, ही भीती एक्स्चेंजच्या बाबतीत मला पटत नाही. डिग्री इथे अडकलेली असते.

‘चार इसा’वाला माझा तो विद्यार्थी गेला नाही. निवड झाली होती, तिकडच्या विद्यापीठाचं पत्रही आलं होतं. मामाच्या एफडीला अजून सात महिने होते. पदवीनंतर तो हिंजवडीत एका फ्रेंच कंपनीच्या ग्राहकांचे फोन घ्यायला लागला. परवा भेटायला आला तेव्हा मी त्याच्याशी मुद्दाम फ्रेंचमध्ये बोलले. ‘न’ सगळीकडून गळलेला, ‘ऑं’ जागच्या जागी, आणि चिडलेल्या गिऱ्हाइकांकडून उचललेल्या दोन-तीन शिव्या तर मलाही नव्या. तीन वर्षं हेडफोन लावून त्याने पाच महिन्यांचं काम केलं होतं.

निघताना त्याने फोनवर बँकेचं ॲप उघडून मला दाखवलं. चार लाख बारा हजार.

“झाले मॅडम, दाखवायचे पैसे,” तो म्हणाला. “आता फक्त कॉलेजचं आयकार्ड नाही.”